झोर्की जुळवताना

सकाळी १०.१५

फोर्टातल्या बोरा बाजारात एका जुन्या इमारतीच्या जिन्यालगत सहा बाय आठचा गाळा. कॅमेरे दुरुस्त करणारे काका शटर अर्धंच वर करतात, वाकून आत शिरतात, दिवा लावतात. पंखा लावत नाहीत. उघड्या कॅमेऱ्यावर धूळ बसली की सगळं काम पुन्हा पहिल्यापासून. डोंबिवलीहून लोकलमध्ये उभ्याने आलेला माणूस घाम पुसतो आणि तसाच कामाला बसतो. टेबलावर जुना टॉवेल अंथरलेला आहे. हातातून निसटलेला स्क्रू त्यावर अडकून राहतो. लादीवर पडला तर तासभर गेलाच.

१०.४०

पहिलं गिऱ्हाईक. विशीतला मुलगा, पिशवीत झोर्की-४. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात १९५६ ते १९७३ या काळात बनलेला हा सोव्हिएत कॅमेरा. याने चोर बाजारातून साडेतीन हजारांना घेतलाय.

"काका, उन्हातले फोटो ठीक येतात. घरातले सगळे हुकतात."

काका कॅमेऱ्याला हात लावत नाहीत. आधी फोटो मागतात. बहिणीचा चेहरा, खिडकीजवळ काढलेला.

"कान बघ. डोळे पुसट, कान स्वच्छ. फोकस मागे पडतोय. उन्हात ॲपर्चर बारीक असतं, म्हणून तिथे चूक झाकली जाते."

या कॅमेऱ्यात डोळा लेन्समधून बघतच नाही. समोर दोन खिडक्या आहेत, एकमेकींपासून ३८ मिलिमीटरवर. दोन्हींतून आलेली चित्रं आत एकावर एक पडतात. लेन्स फिरवली की तिची मागची कड एका लीव्हरला ढकलते आणि दुसरं चित्र सरकतं. दोन्ही चित्रं जुळली की फोकस झाला, असं माणूस समजतो. ती खोटी जुळली असतील तर रोल धुऊन येईपर्यंत कळत नाही. मुलाचा रोल नऊशेचा, धुऊन स्कॅन करायला वर पाचशे. असे दोन गेलेत.

"पंधराशे होतील. सातला ये."

"बाराशे करा ना, काका."

"पंधराशे. नाही जुळलं तर काही देऊ नकोस."

११.०५

आता भिंग डोळ्याला. खिडकीशेजारचा छोटा झाकण-स्क्रू काढला की आत जुळवणीचा स्क्रू दिसतो. त्याची खाच चेमटलेली. कुणीतरी जाड पेचकस घालून आधीच प्रयोग केलाय. शेजारी बसून बघणाऱ्या मला वाटलं, काका आता हाच स्क्रू फिरवणार. त्यांनी पेचकस खाली ठेवला. दोन चित्रं जुळवणारा रेंजफाइंडर चुकतोय की लेन्सच चुकतेय, हे ठरल्याशिवाय ते स्क्रूला हात लावत नाहीत. मला विचाराल तर खरी कारागिरी इथेच आहे. लेन्स चुकत असताना रेंजफाइंडर जुळवला, तर एका बिघाडाचे दोन होतात.

११.३०

चार मजले चढून गच्ची. झोर्कीची पाठ तळासकट निघते. शटरचा पडदा 'बी'वर उघडा धरायला केबल रिलीज, तिची खिट्टी घट्ट. फिल्म जिथे टेकते त्या आतल्या दोन पट्ट्यांवर काका दुधी काचेची अरुंद पट्टी बसवतात, खरखरीत बाजू लेन्सकडे. बाहेरच्या पट्ट्यांवर ठेवली तर सगळं माप चुकतं. लेन्स ज्युपिटर-८, ५० मिलिमीटर, ॲपर्चर पूर्ण उघडं, २ वर. फोकस अनंतावर. समोर राजाबाई टॉवर.

काचेवर टॉवर उलटा उमटतो. कडा स्वच्छ.

"लेन्स बरोबर आहे. दोष वरच्या मजल्यावर." म्हणजे रेंजफाइंडरमध्ये. व्ह्यूफाइंडरमधून बघितलं तर टॉवर दोन दिसतात. एक उजवीकडे सरकलेला, शिवाय थोडा खाली.

दुपारी १२.१०

वरचं झाकण काढायचं. रिवाइंडची गुंडी, मग स्पीडचा डायल. डायल काढण्याआधी त्याच्या जागेची पेन्सिलने खूण करून ठेवतात. आत लीव्हरच्या खिळीवर ग्रीस वाळून पिवळं झालंय. बोटाने दाबलेला लीव्हर सावकाश परत येतो. काडीला कापूस, त्यावर लायटरचं पेट्रोल. पुसायचं, हलवायचं, पुन्हा पुसायचं. चौथ्या काडीला लीव्हर टचकन परत आला.

अर्धपारदर्शक आरशाला मात्र फक्त ब्लोअरची हवा. त्यावरचा मुलामा कापसानेही निघून येतो, आणि तो गेला की दुसरं चित्र कायमचं गेलं.

१२.५५

लग्नाचे फोटो काढणारा एक जण घाईत येतो. डिजिटल कॅमेऱ्यावरचा फ्लॅशचा शू सैल झालाय. चार स्क्रू आवळले, दहा मिनिटं. तीनशे रुपये. तो न मोजता देतो.

१.३०

डबा. पोळी, गवारीची भाजी. हात आधी साबणाने धुतात आणि जेवणानंतर पुन्हा धुतात. तेलाचं बोट काचेवर चालत नाही.

२.१५

पुन्हा गच्ची. आधी उभा फरक. त्यासाठी लहान गोल खिडकीची कडी काढून आतली काच फिरवायची. पण ती पाचरीसारखी घासलेली असते. फिरवली की चित्र वर येतं आणि सोबत बाजूलाही सरकतं. म्हणून केसभर काच, मग केसभर स्क्रू, पुन्हा काच. टॉवरच्या सज्जाची आडवी रेघ बघून उंची जुळवायची, उभी कड बघून बाजू. ऊन डोक्यावर आहे. काकांचा एक डोळा सतत मिटलेला, त्यातून पाणी येतंय. चाळीस मिनिटांनी टॉवर एक झाला.

मला वाटलं, काम संपलं.

३.२०

खाली गाळ्यात. भिंतीवर छापील अक्षरांचा कागद, टेप लावून फिल्मच्या जागेपासून बरोबर एक मीटर. दुधी काचेवर अक्षरं स्वच्छ दिसतात तेव्हा रेंजफाइंडरमध्ये ती अजून फाटलेली. ती जुळवली तर लेन्सवरचा आकडा एक मीटरच्या पुढे जातो. एवढ्या जवळ, २ च्या ॲपर्चरला, जेमतेम पाच सेंटिमीटर खोली स्वच्छ येते. डोळे आणि कान यांतलं अंतर त्याहून जास्त.

जवळचं माप लीव्हरच्या टोकावर असतं. टोकाचा स्क्रू सैल करून ते किंचित वळवायचं. वळवलं की अनंत पुन्हा हलतं. म्हणजे पुन्हा चार मजले. वर स्क्रू, खाली टोक. मी तीनदा सोबत चढलो, नंतर खालीच बसलो. काका साठीच्या पुढचे आहेत. ते चढत राहिले. मधे एकदा कटिंग मागवली, ती निवली.

५.४०

एक मीटर जुळलं. अनंत जुळलं. दोन आणि तीन मीटरही तपासले. स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब, हलू नये म्हणून. बाटली लाल रंगाची, वीस रुपयांची, वर्षभर पुरते. मग झाकण, पेन्सिलच्या खुणेवर डायल, गुंडी, पाठ.

७.०५

मुलगा येतो. दाराबाहेरच्या पाटीवर धरून बघतो, मग रस्त्यापलीकडच्या खिडकीवर.

"एकदम एक होतंय, काका!"

"स्पीड बदलायचा तर आधी शटर कॉक कर. नाहीतर आतली यंत्रणा तुटेल. तिचे सुटे भाग माझ्याकडे नाहीत."

पंधराशे रुपये मिळाले. पावती साध्या वहीच्या पानावर.

७.३०

शटर खाली. आजचा गल्ला अठराशे. त्यातले पंधराशे दिवसभराचे, तीनशे दहा मिनिटांचे. उद्यासाठी खणात आणखी एक झोर्की आहे. तिचंही चित्र जुळत नाही.