वाइनची चव आणि आपले शब्द



ढोकीचें नांव ऐकतांच साखर कारखाना आठवावा हें साहजिक आहे. पण तेथून जवळच तेर आहे, म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत तगराहून कापड गाड्यांनीं भडोच बंदराकडे जात असे, असें लिहिलें आहे. त्याच बंदरांत परदेशचें मद्य उतरे, आणि त्यांतहि इटलीच्या मद्याला अधिक पसंती असे. पसंती होती, त्या अर्थीं गिऱ्हाइकाला चवींतील भेद कळत होता. तो भेद शब्दांत कसा सांगावा, हा आजचा विषय.

२००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें वाइन उद्योगाला उत्तेजन देणारें धोरण आखलें. पुढें नाशिककडील वाइन कित्येक सुशिक्षित घरांत दिसूं लागली आणि तिच्यामागून इंग्रजी शब्दहि आले. पाहुणा पेला हातांत घेऊन गप्प बसतो. आपल्याला कांहीं कळत नाहीं, असें त्याला वाटतें. वस्तुतः जिभेला कळलेलें असतें, शब्द तेवढा परका असतो.

मोठा घोटाळा ‘ड्राय’ या शब्दाचा. त्याचें ‘कोरडी’ असें भाषांतर केलें कीं फसगत झालीच. यीस्ट रसांतील साखर खातें आणि तिचा मद्यार्क करतें. साखर जवळजवळ उरली नाहीं, म्हणजे वाइन ‘ड्राय’ झाली. युरोपांतील नियमानें लिटरमागें ४ ग्रॅमपर्यंत साखर असली तरी हा शब्द चालतो. तोंड कोरडें पडण्याशीं त्याचा संबंध नाहीं. तें काम टॅनिनचें. तांबडी वाइन सालींसकट आंबवितात. साली व बिया यांतून टॅनिन रसांत उतरतें, लाळेंतील प्रथिनांना चिकटतें आणि जीभ खरखरीत होते. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, तुरट. सुपारी किंवा कच्चें केळें खाल्लेल्या माणसाला तो समजावून द्यावा लागत नाहीं. आयुर्वेदानें तर ‘कषाय’ या नांवानें त्याला षड्रसांत बसविलें आहे.

वासाचे शब्द ऐकून पुष्कळांना हंसूं येतें. वाइनमध्यें ढोबळी मिरची कोठून आली? पण ज्या पदार्थामुळें त्या मिरचीला तिचा वास येतो, तोच सोव्हिन्यों ब्लां या द्राक्षांतहि असतो. ओकच्या पिंपांतून लवंगेंतलेंच युजेनॉल वाइनमध्यें उतरतें. तेव्हां हें नुसतें काव्य नव्हे. ‘खानदानी’, ‘उमदी’ हीं विशेषणें मात्र विकणाऱ्याचीं. तीं त्याच्याजवळच राहूं द्यावींत. आणि ज्यानें गूजबेरी कधीं पाहिली नाहीं, त्यानें ती पेल्यांत शोधण्याचा खटाटोप करूं नये. पेरू आठवला तर पेरू म्हणावें.

मद्य वर्ज्य असलेल्या घरांतहि यांतील मुख्य भेद पडताळतां येतो. एका पेल्यांत फार वेळ मुरलेला, बिनसाखरेचा कोरा चहा घ्या. दुसऱ्यांत साखर न घातलेलें लिंबाचें पाणी. चहानें जीभ आखडते, लिंबानें तोंडाला पाणी सुटतें. साखर दोहोंतहि नाहीं, म्हणून वाइनच्या परिभाषेंत दोन्ही ‘ड्राय’. तुरट मात्र चहाच. आतां चहांत दोन चमचे साखर ढवळा. तो ‘ड्राय’ उरला नाहीं, तरी घोट गिळल्यावर दांतांवरून जीभ फिरवून पाहा, तुरटपणा तेथें असेलच. शेवटीं दूध घाला. दुधांतील केसीन टॅनिनला धरून ठेवतें आणि ती खरखर बरीच निवते.