पूर आणि स्वयंसेवक

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई व माहुली ओलांडून कऱ्हाडास येते. तेथे तिला कोयना मिळते आणि दोघींचा प्रवाह सांगलीकडे वळतो. साताऱ्याच्या डोंगरांत कोसळलेला पाऊस अशा रीतीने सांगलीच्या दारी येतो. म्हणून पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांचे कुशल विचारण्याआधी विचारतात, “आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर?” तेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी होय. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. २००५ सालच्या पुराच्या खुणेवर विसंबून घरीच राहिलेले कित्येक लोक त्या वेळी अडकले.

अशा प्रसंगी गावोगावचे तरुण मदतीस धावतात. त्यांची धाव मोलाची खरी. परंतु नुसती हिंमत पुरत नाही. त्याच पुरात, ८ ऑगस्ट रोजी, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली व अनेक जण प्राणास मुकले. नावेत तिला पेलतील त्याहून अधिक माणसे बसली होती. पाणी उंबऱ्याशी आले असता “तुम्ही पुढच्या खेपेस या” असे शेजाऱ्यास सांगणे किती कठीण, याची कल्पना करा! पण नावेवरील स्वयंसेवकाला तेच सांगावे लागते. शासनाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत १८ वर्षांवरील तरुणांना १२ दिवसांचे शिक्षण देतात, ते याचसाठी.

पाणी उतरले की वृत्तपत्रांतील चित्रे थांबतात आणि चिखलाचे काम सुरू होते. घरातील गाळ ओला असतानाच काढावयाचा. वाळला की तो फरशीस घट्ट धरून बसतो. कपाटामागे साप-विंचू दडलेले असतात. म्हणून आधी काठी आपटावयाची, मग हात घालावयाचा. पायांत गमबूट हवेत, कारण दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा रोग जखमेवाटे शरीरात शिरतो. इतक्यात दूरच्या दात्यांकडून जुन्या कपड्यांचे ढीग येऊन पडतात. ते निवडण्यात दिवस जातो. आणि ज्या घरी खराटा व बादली हवी, तेथे पोचतो एखादा फाटका कोट!

तुमच्या वयाच्या मुलांनी पुराच्या पाण्याजवळ मुळीच जाऊ नये. परंतु आपल्या गल्लीत चालता न येणारे आजी-आजोबा कोणत्या घरी आहेत, तान्हे मूल कोठे आहे, हे तुम्हांस तोंडपाठ असते. ती घरे उन्हाळ्यातच वहीत लिहून मोठ्या माणसांच्या हाती द्यावी. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीस पोचण्याआधी पहिली गाडी कोणत्या दारी न्यावयाची, हे त्या वहीवरून ठरविता येते.