अन्नाचे वावडे आणि वेष्टनावरील घटकसूची

कोणाला शेंगदाणा सोसत नाही, कोणाला दूध पचत नाही, तर कोणाला गहू वर्ज्य असतो. घरच्या स्वयंपाकात हे पथ्य सांभाळता येते. परंतु प्रवासात किंवा शाळेच्या डब्यात पाकीटबंद खाऊतून वर्ज्य पदार्थ नकळत पोटात जातो. म्हणून घटकसूची वाचणे हा पथ्याचाच भाग मानला पाहिजे.

प्रथम वावड्याचा प्रकार जाणून घ्यावा. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा अन्नातील प्रथिनाविरुद्ध उठते. अल्पसा अंशही काही मिनिटांत अंगावर गांधी, ओठांना सूज वा श्वासावरोध घडवू शकतो. दुग्धशर्करा न पचल्यास पोट फुगते व जुलाब होतात. मात्र थोडे दूध अनेकांना चालते. सीलिॲक विकारात गहू व जव यांतील ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराची हानी होते. ही हानी तत्काळ जाणवेलच असे नाही. परंतु मुलाची वाढ खुंटू शकते आणि रक्तक्षय जडू शकतो.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. ग्लूटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जलचर, शेंगदाणे, काजू-बदामादी सुका मेवा, सोयाबीन, तसेच किलोमागे १० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक सल्फाइट यांचा निर्देश 'कंटेन्स' या शब्दापुढे स्वतंत्रपणे असतो. निर्मितीच्या वेळी अंश मिसळण्याची शक्यता 'मे कंटेन' या शब्दांनी कळवली जाते. ॲलर्जी व सीलिॲकच्या रुग्णांनी ही सूचनाही गंभीरपणे घ्यावी.

सूची बहुधा इंग्रजीत असल्याने काही शब्द ओळखीचे करून घ्यावेत. 'व्हे', 'केसीन' व 'मिल्क सॉलिड्स' म्हणजे दुधाचेच अंश. 'सेमोलिना' म्हणजे रवा. 'माल्ट' सहसा जवापासून बनते. हिरवे चिन्ह केवळ शाकाहार दर्शवते. त्या पदार्थात दूध असू शकते.

हिंगाचे उदाहरण विशेष बोलके आहे. बेसनाच्या शेवेत गहू नसावा, असे सहज वाटते. परंतु बाजारातील बांधानी हिंगात बहुधा मैदा वा गव्हाचे पीठ मिसळलेले असते आणि सूचीत केवळ 'असाफोटिडा' एवढाच शब्द आढळू शकतो. म्हणून सूचीखालील 'कंटेन्स'ची ओळ वाचल्यावाचून पाकीट उघडू नये. सुट्या फरसाणाला अशी सूचीच नसते आणि एकाच कढईत अनेक पदार्थ तळले जातात; तीव्र वावडे असलेल्यांनी ते टाळणेच श्रेयस्कर.

नेहमीच्या पदार्थाचेही घटक बदलू शकतात. म्हणून प्रत्येक खरेदीच्या वेळी सूची पुन्हा वाचावी. सीलिॲकची शंका असल्यास तपासणीपूर्वी गहू बंद करू नये, अन्यथा निदान चुकू शकते. श्वास लागल्यास किंवा घसा आवळल्यास मात्र क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.