सिकलसेलसाठी आपणच झोळी फिरवू या

देवरीच्या वस्त्यांत सिकलसेल हे नाव नवीन नाही. हातपाय सुजून रडणारे बाळ, हाडे दुखतात म्हणून शाळा बुडवणारे लेकरू आम्ही आरोग्याचे काम करणाऱ्या बायका नेहमी पाहतो. विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी घरांत हा आजार जास्त आहे. त्याच्या संशोधनाला पैसा कोण देणार?

१९७० साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट स्कॉट यांनी एक हिशेब मांडला. १९६७ मध्ये तिथे सिकलसेलची अंदाजे १,१५५ बाळे जन्मली, तर सिस्टिक फायब्रोसिस या मुख्यतः गोऱ्यांतल्या आजाराची १,२०६. आकडे जवळपास सारखेच. पण स्वयंसेवी संस्थांनी गोळा केलेला निधी पाहा: सिस्टिक फायब्रोसिससाठी १९ लाख डॉलर, सिकलसेलसाठी एक लाखही नाही. कारण तिथे सिकलसेल हा काळ्या लोकांचा आजार होता.

ब्लॅक पँथर पक्षाने हे निमूट सोसले नाही. १९७१ मध्ये त्यांनी सिकलसेल संशोधनासाठी प्रतिष्ठान काढले, देणग्या मागितल्या, वस्त्यावस्त्यांत मोफत रक्त तपासले. १९७२ मध्ये अमेरिकेत सिकलसेल नियंत्रणाचा कायदा झाला. त्याच वर्षी त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव आपण घेतले, आता आरोग्याचे कामही घेऊ या.

१४ एप्रिलला, वर्षावासात विहारात वर्गणी होतेच. तिचा एक वाटा सिकलसेलसाठी ठेवा. रक्कम समितीच्या बँक खात्यात जावी, प्रत्येकाला पावती मिळावी, हिशेब विहाराच्या फळ्यावर लागावा. पैसा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला किंवा संशोधन संस्थेलाच द्या, आणि तो कशावर खर्च होणार हे आधी लेखी घ्या. संशोधनासाठी लेकराचे रक्त मागितले, तर सगळे समजून घेतल्याशिवाय सही करू नका.

आपण वर्गणी दिली म्हणून सरकार सुटत नाही. जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. चाळीस वर्षांपर्यंतच्यांची तपासणी हा तिचा भाग आहे. ती हक्काने मागा.

लग्न जुळवताना कुंडली नको, दोघांचाही रक्ताचा रिपोर्ट पाहा. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. दोष एकट्या सुनेला देऊ नका. आणि सिकलसेलच्या लेकराला ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.