जनपदोद्ध्वंस, ऋतुविपर्यय आणि आपले उत्तरदायित्व

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात वाचलेला आहे आणि बहुतेकांनी तो परीक्षेपुरताच वाचलेला आहे. वायु, उदक, देश आणि काल हे चार भाव विगुण झाले म्हणजे प्रकृती, आहार, बल, सात्म्य व वय भिन्न असलेली माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रस्त होतात, एवढे लिहिले की गुण मिळत असत. आज हवामानबदलाच्या संदर्भात हा अध्याय पुन्हा उघडला असता त्यातील दोन विधानांपाशी थांबावे लागते. आपल्या प्राचीन ग्रंथांत कार्बन डायऑक्साइडचे ज्ञान होते असे सिद्ध करण्याची हौस काही लेखकांना असते. ती आम्हांला नाही. परंतु सामुदायिक व्याधीच्या हेतूंचा विचार कोणत्या क्रमाने करावा, हे हा अध्याय आजही शिकवू शकतो.

पहिले विधान कालाविषयी आहे. वायूपेक्षा जल, जलापेक्षा देश आणि देशापेक्षा काल हा अधिक गंभीर मानावा, कारण तो उत्तरोत्तर टाळण्यास कठीण असतो, असे आचार्य सांगतात. दूषित वाऱ्यापासून निवाऱ्याला जाता येते, पाणी उकळता येते, निरुपाय झाल्यास गाव सोडता येते. बिघडलेल्या ऋतूतून मात्र कोठे जाणार?

आणि ऋतू बिघडत आहेत, ही आता केवळ वडीलधाऱ्यांची तक्रार राहिलेली नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग होते, ते आता ४२० च्या पुढे गेले आहे. २०२४ हे नोंद असलेले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. सर्वसामान्य वाचकास नऊ दिवसांचा हा फरक क्षुल्लक वाटेल, परंतु वैद्यास तो तसा वाटू नये. आश्विन-कार्तिक हा शरद ऋतू मानून आपण पित्ताच्या शोधनाची योजना करतो. दिवसा सूर्याने तापलेले व रात्री चंद्राने निवविलेले हंसोदक याच ऋतूत सांगितले आहे. आश्विन अर्धा होईतो आकाश मेघाच्छादित असेल, तर पंचांगातील शरद आणि अंगणातील वर्षा यांपैकी कोणता ऋतू मानून विरेचन द्यावयाचे? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ व उत्तर महाराष्ट्रात प्रचंड गारपीट झाली. ज्यांनी त्या वर्षी वासंतिक वमनाची शिबिरे ठरविली असतील त्यांना हा प्रश्न नक्कीच पडला असेल. आमच्या मते अशा वेळी महिन्यापेक्षा लक्षणांस प्रमाण मानावे. आत्ययिक अवस्थेत ऋतूच्या विपरीत गुणांची कृत्रिम योजना करून शोधन करण्याची मुभा चरकांनी दिलेली आहेच. परंतु ती मुभा अपवादासाठी आहे, आणि अपवाद दरवर्षी येऊ लागला तर ऋतुचर्येचे सारे शास्त्र नव्याने तपासावे लागेल, हे आपण उघडपणे बोलले पाहिजे.

दुसरे विधान उत्तरदायित्वाचे आहे. वायु आदी भावांच्या वैगुण्याचे मूळ अधर्म आणि त्या अधर्माचे मूळ प्रज्ञापराध, असे आत्रेय अग्निवेशास सांगतात. हा अधर्म कसा पसरतो याचा क्रमही ते देतात. प्रथम देश, नगर, निगम व जनपद यांचे प्रमुख धर्म सोडतात, मग त्यांचे आश्रित, मग नगरवासी व ग्रामवासी आणि व्यापारावर उपजीविका करणारे लोक तो वाढवितात. पुढे पाऊस यथाकाल पडत नाही किंवा विकृत पडतो, वारे नीट वाहत नाहीत, जलाशय आटतात, औषधी आपला स्वभाव सोडतात.

या क्रमाचे महत्त्व असे की, त्यात कोणालाही सूट नाही आणि सर्वांना समान दोषही नाही. आज हवामानबदलावर जे प्रबोधन होते त्याचा रोख बहुधा सामान्य माणसाने दिवा मालवावा, नळ बंद करावा एवढाच असतो. भारतीय माणसाचे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन वर्षाला सरासरी २ टनांच्या आसपास आहे आणि जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक आहे. त्यातही उन्हात रस्ता खोदणाऱ्या मजुराचा वाटा किती असणार? त्याला वीजबचतीचा उपदेश करणे हाच एक प्रज्ञापराध होय. तथापि जे व्यवहारोपजीवी वर्गात मोडतात, आणि त्यात चिकित्सालय चालविणारे आपण सर्व आलो, त्यांनी प्रमुखांकडे बोट दाखवून सुटका करून घेणे त्या अध्यायास धरून होणार नाही.

वैयक्तिक जबाबदारीची भाषा मोघम राहते, कारण ती मोजली जात नाही. म्हणून आपल्याच व्यवहारातील एक उदाहरण हिशेबासाठी घेऊ. २० ग्रॅम भरड, सोळापट पाणी आणि अष्टमांश उरवून केलेला काढा, म्हणजे ३२० मिलिलिटर पाण्याचे ४० मिलिलिटर. शेगडीची निम्मी उष्णता वाया जाते असे धरले तर यास साधारण ३० ग्रॅम गॅस लागतो. महिनाभर रोज काढा केला तर सुमारे १ किलो गॅस जळतो व ३ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. (झाकण ठेवून गॅस वाचवा हा एरवीचा सल्ला येथे लागू नाही, काढा उघड्या भांड्यातच आटवावयाचा असतो.) आता तोच रुग्ण आठवड्याला एकदा ३० किलोमीटर दुचाकीवरून येऊन परत जात असेल, तर महिन्यात २४० किलोमीटर होतात, पाच लिटरांहून अधिक पेट्रोल लागते आणि लिटरमागे २.३ किलो धरल्यास १२ किलोच्या आसपास उत्सर्जन होते. म्हणजे काढ्याची चिंता करण्यापेक्षा स्थिरावलेल्या रुग्णास पंधरवड्याने बोलावणे, मधली विचारपूस दूरध्वनीवर करणे आणि एकाच गावच्या रुग्णांना एकच वार देणे हे अधिक फलदायी आहे. चिकित्सालयाच्या वीजबिलाचाही असाच हिशेब करावा. एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो धरावे. ज्यांच्याकडे वातानुकूलन यंत्र आहे त्यांना तो आकडा रुचणार नाही.

जनजागृतीच्या बाबतीत फलकांवर आमचा फारसा विश्वास नाही. आपल्याकडे येणारा रुग्ण वितळणाऱ्या हिमनगाचे चित्र पाहून मान डोलावतो आणि विसरतो. त्याला समजते ते त्याच्या शरीराचे आणि त्याच्या गावाच्या पाण्याचे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, ही गोष्ट मराठवाड्यातील रुग्णास सांगावीच लागत नाही. तेथून पुढे बोलणे सुरू करावे.

उष्म्याच्या बाबतीत तर हे प्रबोधन प्राण वाचविणारे आहे. अहमदाबादेत मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १३०० हून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर तेथील महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा लागू केला. त्यात आगाऊ इशारा, आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण व लोकशिक्षण यांवर भर होता. पुढे अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. इतके होऊनही १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर दुपारी उघड्या मैदानावर झालेल्या समारंभात दहाहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली. ग्रीष्मचर्या ज्या भूमीत शतकानुशतके सांगितली गेली तेथे हे व्हावे, याचा अर्थ ती आपल्या पुस्तकांत राहिली.

ग्रीष्मात बल क्षीण असते, व्यायाम व आतप वर्ज्य करावा, मधुर, शीत, द्रव व स्निग्ध आहार घ्यावा, हे आपण रुग्णास सांगतोच. परंतु ज्याला आतप वर्ज्य करणे परवडत नाही त्याच्या मालकास, मुकादमास व ग्रामपंचायतीस भेटून दुपारी बारा ते चारचे काम सकाळ-संध्याकाळी हलविण्याची गळ घालणे हेही वैद्याचे काम आहे. वैद्याचा शब्द गावात अजून मानला जातो. मूत्रल औषधे घेणारे, वृद्ध, गर्भिणी व बालके यांची यादी फाल्गुनातच करून ठेवावी. आणि एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे: शरीर तापलेले असून बडबड, झटके किंवा बेशुद्धी दिसली, तर पन्हे-सरबत पाजण्यात वेळ घालवू नये. रुग्णास सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि तत्काळ रुग्णालयात पोहोचवावे. शुद्ध नसलेल्या रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये.

राहिला औषधींचा प्रश्न. भूमीचे रस-वीर्य नष्ट होण्यापूर्वी औषधी उद्धृत करून ठेवाव्यात, हा आत्रेयांचा आदेश त्याच अध्यायात आहे. बृहत् पंचमूळातील बिल्व, अग्निमंथ, श्योनाक, पाटला व गंभारी हे पाचही वृक्ष आहेत आणि मुळासाठी खणलेला वृक्ष पुन्हा उभा राहत नाही. गुग्गुळाचा समावेश आंतरराष्ट्रीय यादीत अतिसंकटग्रस्त वनस्पतींमध्ये झालेला आहे. घाऊक व्यापाऱ्यास माल कोठून आला हे विचारण्याची सवय आपणांपैकी फार थोड्यांना आहे. दर विचारण्याची मात्र सर्वांना आहे.

शेवटी एक सूचना. आपल्या संघटनेच्या प्रत्येक शाखेने एक साधी नोंदवही सुरू करावी. तीत दररोजची तारीख व तिथी, आकाशाची स्थिती, पाऊस, त्या दिवशी आलेले ज्वर, अतिसार, श्वास व त्वग्विकार यांचे रुग्ण, आणि पंचांगाप्रमाणे ऋतू कोणता व लक्षणांप्रमाणे कोणता, एवढेच रकाने असावेत. दर तिमाहीस या नोंदी एकत्र केल्यास ऋतुसंधीचे चौदा दिवस आपल्या जिल्ह्यात नेमके कधी येतात हे चार-पाच वर्षांत दिसू लागेल. येत्या चैत्रापासून आम्ही आमच्या शाखेत ही वही ठेवीत आहोत. रकान्यांचा नमुना इतर शाखांस मागणीप्रमाणे पाठवू.