जुना ब्राउझर आणि दाराबाहेरचा माणूस

शिष्यवृत्तीचा अर्ज असो, परीक्षेचा निकाल असो वा सातबाऱ्याचा उतारा, आज साऱ्यांसाठी संकेतस्थळाच्या दारात उभे राहावे लागते. त्या दाराची किल्ली म्हणजे ब्राउझर. किल्ली जुनी निघाली, की 'ब्राउझर अद्ययावत करा' अशी पाटी झळकावून संकेतस्थळाचे कर्ते मोकळे होतात. सूचना वाजवी खरी. पण ती पाळणे ज्याच्या हाती नाही, त्याने काय करावे?

शाळेतला वा कचेरीतला विंडोज ७ चा संगणक घ्या. क्रोमची १०९ वी आवृत्ती ही त्यावर चालणारी अखेरची. २०२३ च्या फेब्रुवारीपासून पुढचे दार बंद झाले. नवा संगणक घेणे शिक्षकाच्या वा कारकुनाच्या अखत्यारीत नसते. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनचा ब्राउझर तर फायरफॉक्सच्या २०१६ मधील इंजिनावर बेतलेला होता.

शिवाय दोष नेहमी वापरणाऱ्याचाच असतो असेही नाही. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर ६ हा २००१ मध्ये आला. पुढच्या आवृत्तीला २००६ उजाडले. दरम्यान अनेक कचेऱ्यांनी आपली अंतर्गत कामकाजाची व्यवस्था त्या एकाच ब्राउझरच्या मापाने शिवून घेतली. ती नव्यावर चालेना, म्हणून जुने सुटेना. अखेर २०११ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टलाच तो सोडून देण्याचे आवाहन करणारी मोहीम काढावी लागली. आज केवळ ताज्या क्रोमपुरते संकेतस्थळ रचणारे तीच चूक नव्या वेषात करीत आहेत.

जुन्यांसाठी वेगळे काम करावयाचे तर खर्च वाढतो, हा आक्षेप खोटा नाही. परंतु सारे सर्वांना सारखेच दिसावे, असा आग्रह कोण धरतो? अनोळखी खूण दिसली तर ब्राउझर ती वगळून पुढे जातो. एचटीएमएल आणि सीएसएस यांचा हा स्वभावच आहे. जावास्क्रिप्ट मात्र इतकी सोशिक नाही. तिच्यातील एक अपरिचित शब्दरचना सबंध लिपी बंद पाडू शकते. म्हणून अर्ज भरणे व पाठविणे हे मूळ काम साध्या एचटीएमएलवर उभारावे आणि सजावट त्यावर चढवावी. हा विचार २००३ पासून या व्यवसायात रूढ आहे. अडचण ज्ञानाची नाही, आस्थेची आहे.

एक मर्यादा मात्र मान्य केलीच पाहिजे. माहिती गुप्त ठेवणाऱ्या टीएलएस पद्धतीच्या १.० व १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे त्याज्य ठरल्या. ज्या ब्राउझरला त्यापुढचे काही उमगत नाही, त्याच्यासाठी साऱ्यांची सुरक्षितता पणाला लावता येणार नाही. अशा वेळी नागरिकाला कागदी अर्जाची वा खिडकीवरच्या माणसाची वाट खुली असली पाहिजे.

सुरक्षिततेसाठी दार लावावे लागले, तर तो नाइलाज होय. परंतु शोभेसाठी लावलेल्या दाराबाहेर एखादी विद्यार्थिनी अर्जाची मुदत संपेपर्यंत ताटकळत राहिली, तर त्या सुधारणेला सुधारणा म्हणवत नाही.