राजापूरची गंगा: येते कधी, जाते का?

रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर शहरापासून तीन-चार किलोमीटरवर, उन्हाळे गावाच्या हद्दीत, उंचवट्यावर एक दगडी आवार आहे. आत वडाचे झाड आणि लहानमोठी चौदा कुंडे. वडाच्या मुळाशी मूळ गंगा; सर्वांत मोठे ते काशीकुंड, त्याच्या गोमुखातून पडणाऱ्या धारेखाली भाविक स्नान करतात. एरवी ही कुंडे कोरडी असतात. मग एखाद्या दिवशी मूळ गंगेत पाणी दिसते, एकामागून एक कुंडे भरतात आणि ‘गंगा आली’ ही बातमी तालुक्याबाहेर जाते. साधारण तीन वर्षांनी यायचे आणि तीनेक महिने राहायचे, हा परंपरेने सांगितलेला क्रम. मोरोपंतांनी ‘गंगाप्रतिनिधितीर्थकीर्तन’ रचले ते याच तीर्थावर, म्हणजे अठराव्या शतकातही या पाण्याचे येणे-जाणे सर्वदूर माहीत होते.

झरा वाहतो तो भूजलाच्या पातळीमुळे. जमिनीत मुरलेले पाणी खडकातल्या पोकळ्यांत आणि भेगांत साठत जाते. या साठ्याची वरची पातळी झऱ्याच्या मुखापेक्षा जितकी उंच, तितका दाब जास्त आणि धार मोठी. पातळी मुखाच्या खाली उतरली की झरा आटतो. खाली खडकात पाणी शिल्लक असते, पण मुखापर्यंत चढण्याइतका दाब नसतो. म्हणूनच आटलेल्या झऱ्याशेजारच्या विहिरीत खोलवर पाणी सापडू शकते.

कोकणात ही पातळी वर्षभरात फार मोठी उडी घेते. सड्यावरचा जांभा सच्छिद्र, आत नळ्यांसारख्या पोकळ वाटा असलेला. त्याच्या तळाशी बहुतेक ठिकाणी शेडी, म्हणजे मऊ चिकणमातीचा थर, असते, तिच्याखाली काळा कातळ. पाणी जांभ्यातून भराभर उतरते, शेडीवर अडते आणि आडवे सरकत उताराला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. श्रावणात विहिरी काठोकाठ असतात. पण जांभा जितक्या लवकर भरतो, तितक्याच लवकर रिता होतो. साधे झरे दिवाळीनंतर बारीक होत जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये हंडे घेऊन दूरवर जावे लागते.

राजापूरची गंगा या नियमात बसत नाही. विहिरी तळाला गेलेल्या असताना, ऐन वैशाखात ती अनेकदा प्रकटली आहे. तेव्हा तिचे पाणी केवळ वरच्या जांभ्यातले असणे शक्य नाही. नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण वक्रनलिकेचे आहे. जमिनीखाली एक पोकळी आहे आणि तिच्या तळापासून निघालेली वाट आधी वर चढून मग खाली उतरते, अशी कल्पना करावी. पोकळीत पाणी हळूहळू साठते. ते त्या वाटेच्या सर्वांत उंच वळणापर्यंत चढत नाही, तोवर बाहेर थेंबही येत नाही. पातळीने वळण ओलांडले की वाट पाण्याने पूर्ण भरते आणि ओढ सुरू होते. मग पातळी वळणाच्या खाली गेली तरी प्रवाह थांबत नाही. पोकळी वाटेच्या तोंडापर्यंत रिकामी होऊन आत हवा शिरली, की तो तुटतो आणि पुन्हा भरणे सुरू होते.

हे स्पष्टीकरण पटणारे असले तरी अपुरे वाटते. अमेरिकेत वायोमिंग राज्यात आफ्टन गावाजवळ असाच थांबून थांबून वाहणारा झरा आहे; तो सुमारे पंधरा मिनिटे वाहतो आणि तितकाच वेळ थांबतो. जेरुसलेमचा गीहोन झरा पूर्वी दिवसातून अनेकदा उसळत असे. हे दोन्ही चुनखडीच्या प्रदेशातले आणि त्यांचा ताल मिनिटांचा किंवा तासांचा. तीन वर्षांचा ताल एखाद्या पोकळीने राखायचा, तर साठा प्रचंड आणि त्यात येणारे पाणी अगदी संथ हवे. कातळातल्या खोल भेगांमध्ये दोन-तीन पावसाळ्यांचे पाणी झिरपत जाऊन पातळी एका उंबरठ्यापर्यंत चढते, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

त्याला आधार देणारी खूण जवळच आहे. उन्हाळे गावात अर्जुना नदीच्या काठी गरम पाण्याचा झरा बारमाही वाहतो. गणेशपुरी-वज्रेश्वरीपासून संगमेश्वर तालुक्यातल्या तुरळ-राजवाडीपर्यंत आणि पुढे राजापूरपर्यंत किनाऱ्याला समांतर अशा ऊन पाण्याच्या झऱ्यांची रांगच आहे. हे पाणी कातळाच्या भेगांतून खूप खोल जाऊन तापून वर येते. त्या लांब प्रवासात एका हंगामाच्या पावसाचा चढउतार विरून जातो, म्हणून त्याची धार उन्हाळ्या-पावसाळ्यात फारशी बदलत नाही. गंगेच्या आवारात हाताच्या अंतरावरच्या दोन कुंडांतले पाणीही कमीजास्त ऊन लागते. खोलवरचे आणि वरचे पाणी वेगवेगळ्या प्रमाणात मिसळत असावे, असे त्यावरून दिसते. पावसाबरोबर भरणारी विहीर, कित्येक महिने दडून राहणारी गंगा आणि कधीच न थांबणारा गरम झरा अशी भूजलाची तीन रूपे एकाच गावाच्या परिसरात पाहायला मिळतात, आणि हेच या स्थळाचे खरे वैभव आहे.

अलीकडच्या काळात गंगेचा क्रम बिघडला आहे. ती कधी लागोपाठच्या वर्षी येते, कधी नेहमीपेक्षा जास्त मुक्काम करते. एकच कारण ठामपणे पुढे करणे घाईचे होईल. पण पातळीवर परिणाम करणाऱ्या गोष्टी उघड आहेत. चिरेखाणीत जांभा काढला जातो, तेव्हा पावसाचे पाणी धरून ठेवणारा थरच जातो. विंधन विहीर कातळातली भेग छेदते आणि तिच्यातल्या पाण्याला नवी वाट मिळते. पाऊस थोड्या दिवसांत जोरात कोसळला, तर मुरण्याआधीच अर्जुनेला मिळतो.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तालुक्याच्या पाण्याचा अंदाज बांधायला ते पुरेसे असले, तरी एका रात्रीत प्रकटणारे पाणी त्या नोंदींतून निसटते. त्यासाठी आवाराजवळच्या विहिरींत सतत नोंद घेणारी उपकरणे हवीत, कुंडांतल्या पाण्याचे तापमान आणि क्षार नियमित तपासले जायला हवेत, आणि गंगेच्या आगमन-निर्गमनाच्या तारखा पावसाच्या आकड्यांशेजारी मांडायला हव्यात. पातळी नेमकी किती चढल्यावर मूळ गंगेत पाणी येते, हे त्या नोंदींतूनच ठरवता येईल.